संध्याकाळच्या दीड तासाचा ताळेबंद

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून सत्कार झाले, आठवणी झाल्या, जेवणही झाले आहे. जेवणानंतरचे भाषण म्हणजे वक्त्याची परीक्षा असते. संयोजकांनी मला वीस मिनिटे दिली आहेत आणि चिठ्ठीवर विषय लिहून दिला आहे, 'राष्ट्र सेवा दलाच्या आपल्या तालुक्यातील शाखांचे वर्षभराचे काम'. त्याखाली कंसात आणखी चार शब्द आहेत : 'आणि त्याचा उपयोग काय'. हा कंस कोणी घातला ते मी अक्षरावरून ओळखले आहे. आठवीत माझ्या वहीतून गणिते उतरवणाऱ्याचे अक्षर मी विसरेन कशी? पण प्रश्न रास्त आहे. आपण सगळे आता पन्नाशीच्या आसपास आलो. कोणी बँकेत आहे, कोणी दुकान चालवतो, कोणी शेती बघतो. पैसे आणि वेळ घातला तर हाती काय येते, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. म्हणून आज कौतुक कमी आणि हिशेब जास्त सांगणार आहे.

ज्यांना सेवा दल फक्त नावाने माहीत आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली. एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. ना. ग. गोरे, शिरूभाऊ लिमये अशी मंडळी बरोबर होती आणि साने गुरुजी तर सर्वांचे गुरुजीच होते. त्या वेळी आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. आपल्याला मुक्त व्हायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. कल्पना मात्र साधी होती आणि ती आपल्याकडेही रुजली. गावातल्या मुलामुलींनी रोज संध्याकाळी एका मैदानावर जमायचे. कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, कोणत्या आळीतला हे विचारायचे नाही. कवायत, खेळ, गाणी, थोडी चर्चा, आणि घरी. राष्ट्रवाद, लोकशाही, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि विज्ञाननिष्ठा ही सेवा दलाची पाच मूल्ये. शब्द मोठे आहेत, पण पाचवीतल्या मुलाला ते भाषणाने कळत नाहीत. लंगडीच्या डावात ज्याच्या पाठीवर धप्पा मारायचा तो कोणाच्या घरचा हे बघायला वेळच नसतो, तेव्हा ते कळतात.

मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, हे आपण शाळेत शिकलो. त्याआधी गुरुजी महाराष्ट्रभर फिरले आणि सेवा दलाचे कलापथक त्या प्रचारात त्यांच्या बरोबर होते, हे धड्यात नव्हते. कलापथकाची ताकद अशी की वसंत बापट त्यासाठी लिहीत, पु. ल. देशपांडे यांनी 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य सेवा दलाच्या कलापथकासाठी लिहिले. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही मंडळी याच कलापथकातून पुढे आली. निळूभाऊ पुण्यात माळीकाम करीत तेव्हा महिन्याच्या ऐंशी रुपयांतले दहा रुपये सेवा दलाला देत, असे सांगतात. स्मिता पाटील लहान वयात याच संस्कारात वाढल्या. मृणाल गोरे वैद्यकीचे शिक्षण सोडून सेवा दलाच्या कामात आल्या आणि पुढे मुंबईची 'पाणीवाली बाई' झाल्या.

ही मोठी नावे घेतली की टाळ्या मिळतात. पण मोठ्या नावांवर शाखा चालत नाही. शाखा चालते ती सतरा-अठरा वर्षांच्या शाखानायकावर, एका हवा भरलेल्या चेंडूवर, आणि पावसात भिजून परत आलेल्या मुलांना 'उद्या या' म्हणणाऱ्या कोणातरी माणसावर.

आता वर्षभराचे काम. आमचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. ४ जूनला वर्धापनदिन आणि ११ जूनला गुरुजींचा स्मृतिदिन. शाळा उघडते, नवी मुले येतात. हजेरीची वही नवी घेतली जाते. या वहीबद्दल पुढे बोलेन. जुलै-ऑगस्टमध्ये झाडे लावणे होते. लावलेल्या झाडाला एप्रिलपर्यंत पाणी घालायचे असते, म्हणून आम्ही एका गटाला दोनच झाडे देतो. ९ ऑगस्टला क्रांतिदिन, १५ ऑगस्टला झेंडावंदन, १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिन. त्या दिवशी मुले आपापल्या वाड्यावस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांना 'रझाकाराच्या वेळी काय झाले' ते विचारून लिहून आणतात. आता असे सांगणारे फार थोडे राहिले, म्हणून ह्या वह्या मी जपून ठेवते.

२६ नोव्हेंबरला संविधानदिन. उद्देशिका आम्ही नुसती वाचत नाही. 'दर्जाची व संधीची समानता' हे वाचून झाल्यावर मुलांना विचारतो, की आपल्या गावात हे कुठे दिसते आणि कुठे दिसत नाही. एका मुलाने उत्तर दिले होते, 'पाण्याच्या टँकरपाशी दिसत नाही.' त्यापुढे आम्हाला वेगळे बौद्धिक घ्यावे लागले नाही. २४ डिसेंबरला गुरुजींची जयंती, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची, ११ ते १४ एप्रिल फुले-आंबेडकर जयंती. त्या चार दिवसांत मुलांचे कलापथक चौकाचौकांत पथनाट्य करते. आणि मे महिन्यात शिबिर. शिबिरात संडास साफ करण्यापासून भाकरी थापण्यापर्यंत सगळे गट पाळीपाळीने करतात. मुलगेही भाकरी थापतात. पहिल्या दिवशीची भाकरी कोणत्या देशाच्या नकाशासारखी दिसते यावर पैजा लागतात.

हे झाले दिनदर्शिकेचे काम. याचे फोटो निघतात, बातमी येते. पण कंसातल्या प्रश्नाचे उत्तर यात नाही. एका दिवशी चारशे मुले रांगेत उभी करता येतात. त्यांना केळे आणि बिस्किटाचा पुडा दिला की ती येतात. त्यावरून काम झाले असे म्हणता येत नाही. खरे काम पाहायचे असेल तर आपल्या तालुक्यात ते दिवाळीनंतर पाहावे लागते.

आपल्यापैकी जे पुण्या-मुंबईला गेले त्यांनाही हे सांगायला नको. दसरा-दिवाळी झाली की आपल्या भागातली वस्तीच्या वस्ती रिकामी होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. ट्रॅक्टरवर संसार चढतो आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याच्या तळावर उतरतो, तो मार्च-एप्रिलपर्यंत. आपल्या वर्गातली काही मुले दिवाळीनंतर दिसत नसत आणि उन्हाळ्यात उन्हाने रापलेली परत येत, ते आठवा. तेव्हा आपण त्यांना 'गावाला गेला होता' एवढेच म्हणायचो.

मुलगा असेल तर तो आजीपाशी राहतो. मुलगी तेरा-चौदाची झाली की आईबापापुढे पेच पडतो. इथे ठेवावी तर म्हाताऱ्या आजीच्या जिवावर कशी ठेवायची? बरोबर न्यावी तर तळावर पालाला दार नसते, पहाटे तीनला आईबाप फडात जातात, मागे पोर एकटी. मग तिसरा मार्ग निघतो, तो लग्नाचा. बाहेरचा माणूस म्हणतो, 'अडाणी आहेत, मुलींची लग्ने लवकर करतात.' मी सत्तावीस वर्षे ह्या वस्त्यांमध्ये फिरते आहे. मला अडाणीपणापेक्षा भीती जास्त दिसली. त्यात लग्न लावले की नवा कोयता तयार होतो आणि नवी उचल मिळते, हेही आहेच. कायदा २००६ चा आहे, मुलीचे वय अठरा पूर्ण पाहिजे, गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, १०९८ वर फोन करता येतो. हे सगळे आमच्या मुलांना तोंडपाठ आहे. पण नुसता फोन केला तर लग्न थांबते आणि मुलगी त्याच घरात, त्याच भीतीत राहते. दोन महिन्यांनी लग्न दुसऱ्या गावात लागते.

मागच्या हंगामाचे सांगते. एका वस्तीवरची नववीतली मुलगी शाखेत यायची. खो-खोत खुंटावर वळताना तिला कोणी धरू शकत नसे. ऑक्टोबरात ती यायची बंद झाली. चौथ्या दिवशी हजेरी घेणारी मुलगी, तीही नववीतलीच, माझ्याकडे आली आणि म्हणाली, 'ताई, तिला बघायला येऊन गेलेत.' शाळेच्या हजेरीत चार दिवसांची गैरहजेरी म्हणजे काहीच नसते. शाखेत तिच्या गटातल्या मुलींना पहिल्याच दिवशी कळले होते.

आम्ही तिघेजण तिच्या घरी गेलो. कायद्याचे नाव काढले नाही. तिच्या वडिलांना विचारले, 'दादा, पोरगी इथं ठेवायला तुम्हाला काय लागंल?' माणूस बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'रात्रीचं दार लावून कुणीतरी तिच्यापाशी निजलं पाहिजे. बाकी काय नको.' एवढीच मागणी होती. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. स्थलांतरित पालकांच्या मुलांना गावातच ठेवून जेवण मिळावे अशी. पण जेवण मिळाले तरी रात्रीचा प्रश्न राहतो. आमच्या शाखेतल्या एका मुलीच्या आईने, ज्या स्वतः अंगणवाडीत मदतनीस आहेत, सांगितले की ती रात्री आमच्याकडे झोपेल. मग तशी आणखी दोन घरे मिळाली. घरांच्या जाती वेगवेगळ्या आहेत हे मी मुद्दाम सांगते, कारण तीस वर्षांपूर्वी ह्याच गावात हे जमले नसते. त्या मुली एकाच शाखेत खेळत होत्या, एकमेकींच्या डब्यातले खात होत्या, म्हणून आयांनी दार उघडले. सोयरिकीचे बोलणे थांबले. मुलगी आज दहावीत आहे.

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर हिशेब खोटा होईल. त्याच वस्तीवरची दुसरी मुलगी. तिच्या घरीही गेलो, आईवडील 'हो' म्हणाले, आणि दिवाळीच्या चौथ्या दिवशी पहाटे तिला घेऊनच निघून गेले. लग्न तळावरच लागले. आम्हाला कळले ते एप्रिलमध्ये, हंगाम संपून लोक परतले तेव्हा. ती येऊन मैदानाच्या कडेला उभी राहिली. डोक्यावर पदर होता. गटातल्या मुलींनी तिला आत ओढले आणि ती एक डाव खेळली. नवऱ्याची परवानगी लागते म्हणाली. आता तिने बाहेरून दहावीला बसावे म्हणून आमची खटपट चालू आहे. जमेल की नाही, आज सांगता येत नाही.

मित्रहो, ह्या दोन्ही मुली आमच्या हजेरीच्या वहीत आहेत. वर्षाच्या शेवटी आम्ही ताळेबंद काढतो तेव्हा किती कार्यक्रम केले हे मोजत नाही. तीनच प्रश्न विचारतो. पहिला, जूनमध्ये जी नावे वहीत होती त्यांतली किती मार्चमध्ये आहेत? दुसरा, दिवाळीनंतर ज्या मुली गळाल्या त्या प्रत्येकीचे काय झाले, हे आपल्याला ठाऊक आहे का? तिसरा, पूर्वी शाखेत आलेल्यांपैकी कोण परत येऊन शाखा चालवतो आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दरवर्षी खाली-वर होते. दुसऱ्याचे उत्तर आता 'हो' येते, आणि मला याचा सगळ्यात जास्त आनंद आहे. आपल्या तालुक्यातली कुठली मुलगी कुठे गेली, हे कोणालातरी माहीत आहे. तिसऱ्या उत्तराने मात्र माझी झोप उडते.

कारण शाखा कमी होत आहेत. सहा वाजता शिकवणी असते. ज्याला शिकवणी परवडत नाही त्याच्या हातात मोबाईल असतो. सतरा वर्षांचा शाखानायक बारावीनंतर लातूरला किंवा पुण्याला जातो, आणि जायलाच हवे. त्याची जागा घेणारा मिळेपर्यंत मैदान ओस पडते. एकदा ओस पडलेल्या मैदानावर पहिल्यांदा जनावरे येतात, मग गाड्या उभ्या राहतात, मग टपरी येते. मैदान परत मिळवणे फार अवघड असते.

कोणी म्हणेल, एका गावाची शाखा ती केवढी आणि तिने काय होते? तिचे बळ इतर शाखांशी असलेल्या नात्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते आणि किल्लारीचा भूकंप झाला. आपण बारावी होऊन वर्षही झाले नव्हते. आपल्यातले काही जण तिकडे गेले होते. मलाही घरच्यांनी पाठवले, कारण शाखेतल्या मुली आणि ताई बरोबर होत्या. महाराष्ट्राच्या कुठल्या कुठल्या गावांतून सेवा दलाची मुले आली होती. कोणी कोणाला ओळखत नव्हते, पण कवायतीच्या आज्ञा आणि गाणी सर्वांची एकच होती. त्यामुळे पहिल्या तासात कामाची वाटणी झाली. माझ्याकडे तंबूतल्या लहान मुलांना खेळवायचे काम आले. बरीचशी मुले बोलत नव्हती. आम्ही त्यांना बोलायला लावले नाही. गोल करून बसवले आणि टाळ्यांचा खेळ सुरू केला. तिसऱ्या दिवशी एका मुलाने टाळी चुकवली आणि हसला. पुढे भूकंपात अनाथ झालेल्या मुलांसाठी पन्नालाल सुराणा आणि सहकाऱ्यांनी नळदुर्गला 'आपलं घर' उभे केले. ते सेवा दलाच्या जाळ्यातूनच उभे राहिले. संकट आल्यावर अशी माणसे जाहिरात देऊन मिळत नाहीत. आधीची कित्येक वर्षे कुठल्यातरी मैदानावर संध्याकाळी दीड तास खेळलेली असावी लागतात.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो जरा नाजूक आहे. आपल्या बॅचने वर्गणी जमवली आहे आणि शाळेच्या फाटकावर कमान बांधायची, तिच्यावर '१९९१' असे लिहायचे, असा प्रस्ताव आज दुपारच्या बैठकीत आहे. कमान चांगलीच दिसेल. तिला माझा विरोध नाही. पण आपले गुरुजन समोर आहेत, संस्थेचे पदाधिकारी आहेत, म्हणून सर्वांदेखत तीन गोष्टी मागते.

एक, शाळेचे मैदान रोज संध्याकाळी साडेपाच ते सात मुलांसाठी उघडे राहावे. सध्या शाळा सुटली की फाटकाला कुलूप लागते. कुलपामागे संस्थेची काळजी आहे, ती मला समजते. किल्लीची आणि मैदानाच्या स्वच्छतेची लेखी जबाबदारी आपल्या बॅचने घ्यावी.

दोन, गावात राहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने महिन्यातून एक संध्याकाळ द्यावी. भाषण द्यायला नको. पंक्चर काढणारा पंक्चर काढायला शिकवेल, बँकेतला पासबुक वाचायला शिकवेल, आपल्या वर्गातली नर्स असलेली मैत्रीण मुलींशी त्यांच्या अंगाच्या प्रश्नांवर बोलेल. शाखानायक पोर बारावीला गेले की मैदान ओस पडू नये, एवढ्यासाठी मोठ्या माणसाचे तिथे असणे पुरते.

तीन, कमानीचा खर्च थोडा कमी करून उरलेले पैसे दिवाळी ते एप्रिल या काळासाठी वेगळे ठेवावेत. ज्या घरांनी मुली रात्री ठेवून घेतल्या ती काही सावकारांची घरे नाहीत. त्यांना धान्य, एखादी जादा गादी आणि दाराला नीट कडी एवढे मिळाले तरी पुढच्या हंगामात आणखी घरे तयार होतील. हिशेब मी स्वतः नोटीस बोर्डावर लावीन. पै-पैचा.

कंस घालणाऱ्या मित्राला एवढेच सांगते, की उपयोग काय याचे उत्तर तुला माझ्या भाषणात मिळाले नसेल तर दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस जास्त राहा. ट्रॅक्टर भरून वस्ती निघते त्या पहाटे माझ्याबरोबर चल. किती मुली गाडीत चढल्या आणि किती मागे हात हलवत उभ्या राहिल्या, ते आपण दोघे मिळून मोजू. बैठक साडेतीनला आहे. मैदानाच्या किल्लीचा विषय पहिला घ्यावा, अशी अध्यक्षांना विनंती करते आणि थांबते.